नवव्या घडीतला निकाल

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पार्सिपनीला मी एका चेक म्हाताऱ्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. तो लेथ मशिनवर काम करायचा आणि एरवी हवापाण्यापलीकडे बोलायचा नाही. पण गावाकडून बहिणीचं पत्र आलं की जिन्याखालून हाक यायची, "ये लवकर, मॅच आहे."

त्याच्या गावातल्या काच कारखान्याच्या कामगारांनी काढलेला एक फुटबॉल क्लब होता, अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायचा. ग्राउंडही त्यांनीच फावड्यांनी सपाट केलेलं, तरी एका गोलकडे उतरतंच म्हणे. बहीण मॅच बघून सगळं लिहायची आणि कागदाला नऊ घड्या घालायची, एकेका घडीत दहा मिनिटांचा खेळ. मॅच संपून तीन आठवडे झालेले असायचे, पण हा टेबलावर घड्याळ ठेवून दर दहा मिनिटांनी एकच घडी उघडायचा आणि मला इंग्रजीत वाचून दाखवायचा. हाफटाइमला कॉफी. पाकीट तिकडच्या सरकारच्या माणसानं तपासायला आधीच फोडलेलं असायचं. त्याचा राग एवढाच, "त्या माणसाला रिझल्ट माझ्याआधी कळतो."

त्या दिवशी सीझनची शेवटची मॅच होती. जिंकले नाहीत तर क्लब आणखी खाली जाणार होता. आठव्या घडीला स्कोअर एक-एक. म्हाताऱ्याला धीर धरवेना. पत्र माझ्या हातात कोंबत तो म्हणाला, "तू बघ. पण वेळ होईपर्यंत मला सांगू नकोस."

चेक मला येत नाही, पण आकडे येतात, आणि आपला आकडा बहीण आधी लिहायची. तो घड्याळाकडे बघत येरझारा घालत होता. मी चेहरा दगडासारखा केला, पण टेबलाखाली पाय काही ऐकत नव्हते.

आपण जिंकलो होतो.