बिनचिखलाचा बुरूज

गेल्या वर्षी ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत मी दिवाळीचा किल्ला करत होतो. चिखल मळताना पाहून समोरच्या बिल्डिंगमध्ये आलेली एक पाहुणी थांबली आणि ओढणी कमरेला खोचून शेजारी बसली.

"परदेशात, पार उत्तरेकडच्या एका बेटावर दोन हजार वर्षं नुसत्या दगडांचा बुरूज उभा आहे. चिखल कशाला?"

प्रत्येक चपटा दगड ती हातात फिरवून मगच बसवायची. बाहेर एक भिंत, आत दुसरी, दोन्हींच्या मध्ये जिना.

"पडला तर?" मी विचारलं.

"अहो, नीट बसवलाय, पडेल कशाला?" असं म्हणत ती त्या गुडघाभर बुरुजावर चक्क उभी राहिली.

यंदा ती आली नाही. नाव विचारायचं राहूनच गेलेलं. बुरूज मीच रचला, जिन्यासकट. बायको "नको, नको" ओरडत होती, तरी वर चढून उभा राहिलो.