पोटमास्तर मावशी

त्या वृद्धाश्रमात सव्वीस खाटा होत्या, एक सिस्टर आणि दोन आया. त्यातली थोरली ती मावशी. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, संडासाला न्यायचं, हे काम तिने एकोणीस वर्षं केलं. भावजय नाक मुरडायची, पण मावशीला लाज अशी कधी वाटली नाही. "पोट साफ तर माणूस माणसात," ती म्हणायची.

मग एका वर्षी आश्रमातल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई गेल्या. आतडं अडलं होतं. नऊ दिवस त्यांना शौचाला झालं नव्हतं आणि ऑफिसातल्या तक्त्यावर रोज 'नॉर्मल'. तो तक्ता आठवड्यातून एकदा, सातही दिवसांचा एकदमच भरला जायचा. "वय झालं होतं," म्हणून सगळ्यांनी हात झटकले. मावशीला ते जमेना. विचारलं तर आपणही नव्हतं, हे तिला सलत राहिलं.

तिने दोनशे पानी वही आणली. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायांचं. तरी रोज सकाळी प्रत्येकाला विचारून ती लिहू लागली: झालं की नाही, कसं झालं, पाणी किती प्यायलं. धाकटी आया तिला 'पोटमास्तर' म्हणायची. मावशी हसायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची.

खिडकीपाशी टेलरआजोबा असत. मणका दुखावल्यापासून त्यांना दुखणं थांबवायच्या कडक गोळ्या चालू होत्या आणि त्यामुळे बद्धकोष्ठ व्हायचं. वर पाणीही प्यायचे नाहीत.

"प्यायलं की जावं लागतं. घंटी वाजवून येतंय कोण?"

त्यांच्या नावापुढे लागोपाठ चार दिवस 'नाही' पडलं. मावशी दोनदा सिस्टरकडे गेली. दोन्ही वेळा उत्तर एकच, "डॉक्टर आले की बघू." डॉक्टर काही आले नाहीत.

पाचव्या दिवशी आजोबांची चादर पातळ घाणीने भरली. सिस्टरने गोळी पुढे केली. "जुलाब लागलेत. बंद व्हायची गोळी आहे, देऊन टाक."

मावशीने आजोबांच्या पोटावर हात ठेवला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, डावीकडे दगड. त्यांना उलटीची उबळ येत होती.

"ही गोळी मी देणार नाही," ती म्हणाली. "हे जुलाब नाहीत. मोरी तुंबली की कडेकडेने पाणी झिरपतं, तसं आहे हे."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"नाही झाले. म्हणून तर डॉक्टरकडे न्या म्हणते."

सिस्टर गेली व्यवस्थापकांकडे तक्रार करायला. मावशीने तेवढ्यात आजोबांच्या लेकीला फोन लावला. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही तिने पाचही दिवसांचं सगळं सांगितलं. लेक अर्ध्या तासात रुग्णवाहिका घेऊनच आली.

इस्पितळात दुपारभर खटपट चालली, पण चिरफाड टळली. तरुण डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "ती गोळी पोटात गेली असती तर आतडं फुटलं असतं. कोणाच्या लक्षात आलं हे?"

निघताना मावशीने हातात दिलेली वही लेकीने पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली.

चौकशी झाली. तक्त्यावर त्या पाचही दिवशी 'नॉर्मल' होतं, वहीत खरं होतं. व्यवस्थापक बदलले, सिस्टरची नोकरी गेली, तिसरी आया आली, आणि दर दोन तासांनी पाण्याची फेरी सुरू झाली. पोस्टातल्या बाईंच्या मुलालाही बोलावून काय घडलं ते सांगितलं.

आता नवी आया कामावर आली की आठवडाभर मावशीच्या हाताखाली असते. ती लाजली तर मावशी तिचा हात धरून एखाद्या आजीच्या पोटावर ठेवते.

"मऊ आहे ना? असंच राहिलं पाहिजे. इथे सव्वीस पोटं आहेत आणि दोन वर्षांत एकही अडलेलं नाही," ती सांगते, आणि सांगताना पदर नीट करून ताठ उभी राहते.