पट्टी बांधलेला सांबार

रहमानभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी दवाखान्यात सिरिंजा उकळायला ठेवल्या होत्या. कंपाउंडर दारातूनच म्हणाला, "बाई, फ्रेमवाले रहमानभाई गेले. पहाटे, झोपेतच." स्टोव्ह बंद करून मी निघाले. चिमूरला त्यांचं घर माझ्या घराला लागूनच. अंगणात माणसं जमली होती, आतून त्यांच्या बायकोचं, जैनबभाभींचं रडणं ऐकू येत होतं. मी मात्र आधी परसात गेले. फाल्गुन संपत आला होता, दहा वाजून गेले होते, ऊन वाफ्यावर आलं होतं आणि वाफ्यावरचे बांबूचे तट्टे उघडेच राहिले होते. ते ओढले आणि मगच आत गेले. नर्सबाईचं काळीज दगडाचं आहे, असं नंतर कोणीतरी म्हणालं. असेल. पण रहमानभाईंनीही आधी तट्टेच ओढले असते...

तसबिरींना काच आणि चौकट बसवणं हा त्यांचा धंदा. देवांच्या तसबिरी, मक्केची चित्रं, लग्नाचे फोटो, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पाच वर्षांपूर्वी पौषात मी त्यांच्याकडे सांबारवडीची ताटली पाठवली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात आणि थंडीत तो एवढा येतो की वडीशिवाय त्याचं काय करावं कळत नाही. ताटली परत द्यायला ते स्वतः आले.

"बाई, वैशाखात काऊन नाई करत ही वडी?"

"वैशाखात सांबार कुठला? ऊन लागलं की फुलावर जातो."

"काऊन जाते?"

मला उत्तर येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं, पण त्यांना ते सहन होईना. चांद्याला एका साहेबाच्या बंगल्यात खिडक्या बसवताना त्यांनी काचेचं घर पाहिलं होतं. त्यात माळी अवेळी फुलं आणायचा. काचेत अवेळी फुलं येतात तर अवेळी सांबार का नाही, हा त्यांचा हिशेब. काचवाल्याचा काचेवर विश्वास असणारच. फ्रेमा करताना उरलेल्या आणि जुन्या तसबिरींच्या निघालेल्या काचा सागाच्या पट्ट्यांत बसवून त्यांनी परसात खोली उभी केली. गल्लीतले लोक तिला शीशमहाल म्हणू लागले. "रहमानभाई, राणी कुठी ठेवली?" असं जाता-येता विचारायचे. "वाफ्यात आहे, उगवून राह्यली," हे त्यांचं उत्तर.

माघात सगळं झकास होतं. फाल्गुनात एके दुपारी ते दवाखान्यात आले. "बाई, थर्मामीटर द्या ना मले."

"कोणाला ताप आहे?"

"सांबाराले."

मी हसत हसत दिला, ही माझी चूक. तापाचा थर्मामीटर माणसासाठी असतो, फाल्गुनातल्या काचघरासाठी नव्हे. अर्ध्या तासात ते परत आले. रुमालात काचेचा चुरा होता. "पारा बाहेर पडला बाई. तुमचा पेशंटही गेला." मी जाऊन पाहिलं. सांबार उकडलेल्या पाल्यासारखा वाफ्यावर आडवा पडला होता. डॉक्टरांना खरं कारण सांगितलं, तर दिवसभर त्यांच्या तोंडचं हसू जाईना.

दुसरा कोणी असता तर काचा काढून विषय संपवला असता. रहमानभाईंनी काचा काढल्या, पण विषय ठेवला. साहेबाला थंडी अडवायची होती, आपल्याला ऊन अडवायचं आहे, एवढी गोष्ट एका थर्मामीटरमध्ये कळली, म्हणजे स्वस्तात कळली, असं त्यांचं म्हणणं. (थर्मामीटर त्यांचा नव्हता.) मग त्याच चौकटींवर बुरडाकडून आणलेले तट्टे आले. दहाला ओढायचे, ऊन उतरलं की सारायचे. पश्चिमेला ओलं गोणपाट. काचा वाया गेल्या नाहीत. पावसाळ्यात त्या टमाटर-वांग्यांच्या रोपांवर ठेवल्या की सरींनी रोपं झोडपली जात नसत, आणि त्यांचे टमाटर बाजाराच्या आधी लाल व्हायचे.

सांबार मात्र अजून चैत्राच्या तोंडाशीच फुलावर जाई. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की सगळी झाडं एकदम फुलत नाहीत. "एकच वाफा, एकच पाणी. मंग हे आधी अन् ते मांगून, काऊन?" जे सगळ्यांत उशिरा फुलेल त्याचंच बी धरायचं त्यांनी ठरवलं. खूण म्हणून सुतळी बांधली तर ती देठात रुतायची. म्हणून माझ्याकडून धुतलेल्या बँडेजच्या पट्ट्या नेऊ लागले. पट्टीवाल्या झाडाचं पान तोडायची जैनबभाभींनाही मनाई. दरवर्षी सांबार थोडे दिवस पुढे सरकत होता. गेल्या साली चैत्र जवळजवळ पुरा झाला होता. "बाई, औंदा वैशाख," ते म्हणाले होते...

त्यांचा चाळिसावा दिवस वैशाखातच आला. त्याआधी दोन दिवस जैनबभाभींनी मला परसात नेलं. बाकीचा सांबार फुलून बारीक झाला होता. मागे राहिली म्हणून मी पट्टी बांधलेली आठ झाडं तेवढी हिरवीगार, रुंद पानांची उभी होती.

"त्यायचं लई मन होतं, वैशाखात वडी खायचं," भाभी म्हणाल्या. "चाळिसाव्याले एक ताटली करू ना बाई."

माझ्या हातात विळा द्यायला त्या तयार होत्या. नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्यांच्या घरातला माणूस गेला होता, माझा नुसता शेजारी. तरी मी सांगितलं, "या उन्हात पानं तोडली तर झाडं दम धरणार नाहीत. एक ताटली होईल आणि पाच वर्षांचं बी संपेल."

भाभी विळा घेऊन आत गेल्या. चाळिसाव्याला वडी झाली नाही. आता भाभी माझ्याशी बोलतील की नाही, याची मला धास्ती होती.

ते गेल्यापासून दहाला तट्टे ओढायला मीच जात असे. चाळिसाव्यानंतर आठवड्याभराने एका सकाळी गेले तर तट्टे आधीच ओढलेले. सावलीत जैनबभाभी उकिडव्या बसल्या होत्या. सात झाडांवर पांढरी फुलं उमलत होती.

"बाई, हे कोपऱ्यातलं अजून फुललं नाई," त्या म्हणाल्या. "काऊन?"

मी दवाखान्याच्या पिशवीतून आणखी एक पट्टी काढली आणि त्या झाडाला दुसरी गाठ मारली.