दातांचे डॉक्टर आणि तलावामागचा वॉर्ड

"आधी आ करा, मग बोला."

आमच्या नगराध्यक्षांकडे तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या कानावर पहिलं वाक्य हेच पडायचं. नळ येत नाही, गटार तुंबलं, डुकरं अंगणात शिरतात, काहीही असो. डॉक्टर त्याला हाताला धरून दवाखान्यातल्या खुर्चीत बसवायचे, दिवा ओढायचे आणि सगळे दात तपासून झाले की मगच गटाराचा विषय काढू द्यायचे. माणूस दवाखान्यात आलाच आहे तर त्याला तसाच का परत पाठवायचा, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्याही गावात एखादे डॉक्टर राजकारणात पडले असतील. आमचे दातांचे होते. तीस वर्षं अर्ध्या गावाच्या तोंडात त्यांचा हात होता, त्यामुळे निवडून येताना त्यांना फार भाषणं करावी लागली नाहीत. मी नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर लिपिक होते. सकाळी ते दवाखाना सोडायला तयार नसत, म्हणून सह्यांच्या फायली घेऊन मीच तिकडे जायची. गेले की न विचारता माझ्या हातात कापसाचे बोळे यायचे. सरकारी नोकरीत मी एवढं बहुमोल काम दुसरं केलेलं नाही.

एकदा गटाराचा ठेकेदार दाढ दुखते म्हणून आला. दोन महिने तो आम्हाला टाळत होता. डॉक्टरांनी मशीन त्याच्या दाढेवर टेकवलं आणि विचारलं, "सोमवारपासून काम सुरू होते न, भाऊ?"

तोंड उघडंच असल्यामुळे ठेकेदार "आं" एवढंच म्हणू शकला.

"बाई, लिहा. हो म्हणून राह्यले."

त्यानं घाईघाईनं दोन्ही हात हलवले. "हात नका हलवू, मशीन सुरू आहे," डॉक्टर म्हणाले. सोमवारी गटाराचं काम खरंच सुरू झालं.

स्वतःचे दात मात्र ते देवाच्या भरवशावर सोडत. रोज सकाळी बसस्टँडसमोर उभं राहून गरम जिलबी खायची, मग खिशातून ब्रश काढून नगरपरिषदेच्या बेसिनवर उभं राहायचं. सभेला आलेले नगरसेवक रांगेत थांबून अध्यक्षांचं दात घासणं पाहत बसायचे.

त्यांचा खरा शत्रू खर्रा. आमच्याकडे लग्न असो की मयत, सुपारी-तंबाखू घोटून केलेली ही पुडी आधी फिरते. पिवळा किंवा तपकिरी दात दिसला की डॉक्टर नाव-गाव न विचारता "दिवसाले किती पुड्या?" म्हणायचे. शंभरात नव्व्याण्णव वेळा ते बरोबर निघायचे आणि त्यातच त्यांची चूक झाली.

तलावामागचा वॉर्ड त्यांचा लाडका. तिथं मासोळ्या धरणारी आणि धानाची शेती करणारी घरं. वॉर्डाच्या मधोमध एक हातपंप होता, आणि त्याच्या पाण्यात डाळ लवकर शिजते म्हणून गावभरच्या बाया तिथून गुंड, म्हणजे पितळी घागरी, भरून न्यायच्या. मीही न्यायची. निवडणुकीत त्या वॉर्डानं डॉक्टरांना भरभरून मतं दिली होती. त्यांनीही पहिल्याच महिन्यात त्या पंपाभोवती सिमेंटचा ओटा बांधून दिला.

त्याच वॉर्डाच्या शाळेत त्यांनी दंततपासणी ठेवली. आठेक वर्षांची एक मुलगी पुढे आली. समोरचे दात तपकिरी. डॉक्टर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "इतकीशी पोरगी अन् खर्रा?" वर्ग हसला. मुलीनं ओठ मिटले ते मिटलेच. मला त्या वेळी काही वाटलं नाही, हे कबूल करते. मीही हसले होते.

दुसऱ्या दिवशी तिची आई नगरपरिषदेत आली. मासोळ्यांची टोपली दारात ठेवून तिनं पोरीला डॉक्टरांसमोर उभं केलं.

"माह्या पोरीनं खर्रा तोंडाले लावला नाई. वास घेऊन पाहा, साहेब. आता ते शाळेत जातच नाई म्हणते. काऊन बोलले तुमी असे?"

डॉक्टर पायरीवर बसले. चष्मा पुसला. कापूस ओला करून मुलीच्या दातावरून फिरवला, एकदा, दोनदा, जोर लावून. डाग निघाला नाही. तो दातावर नव्हता, दाताच्या आत होता, आडव्या रेघांनी. तीस वर्षं हजारो दात पाहिलेल्या त्या माणसाचा चेहरा एवढासा झाला.

"बाई, चला," ते मला म्हणाले.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या वॉर्डात गेले. दुपारपर्यंत डॉक्टर घरोघरी तोंडं पाहत होते आणि मी वहीत लिहीत होते. मग पंपाच्या ओट्यावर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली.

"बाई, पाहून राह्यले का? या घरात सासूचे पांढरे, सुनेचे पांढरे, लेकराईचे तपकिरी. त्या घरातही तसंच. बाया लग्न करून बाहेरून आल्या, लहानपणी दुसरं पाणी पेल्या. लेकरं इथलं पेऊन राह्यले. खर्रा तर सासू खाते, अन् तिचे दात बरे आहेत."

बोलता बोलता ते थांबले. ज्या ओट्यावर बसले होते तो त्यांनीच बांधला होता. पाण्याचा नमुना तपासायला गेला आणि अहवाल यायचा तोच आला. पाण्यात फ्लोराइड, दात बनत असतानाच त्याला आतून डाग पाडणारं.

डॉक्टर आधी शाळेत गेले. त्याच वर्गासमोर, त्या मुलीपुढं, दोन्ही कान धरून उभे राहिले. "हिनं खर्रा खाल्ला नाई. मीच न पाहता बोललो. चूक माही आहे." पोरांना अध्यक्षांनी कान धरलेले पाहून इतका आनंद झाला की गुरुजींना वर्ग आवरेना. मुलगी हसली, पण हात तोंडावर ठेवून.

मग ते पंपाकडे गेले, त्याला लाल रंग दिला आणि हँडल काढून दवाखान्यात नेऊन ठेवलं.

वॉर्ड खवळला. आम्ही टँकर लावला, पण तो एक दिवस यायचा आणि दोन दिवस बिघडायचा. वैनगंगेवरून पाईपलाइन आणायची फाइल निघाली, पण फायलींना पाय नसतात हे मी तुम्हाला सांगायला नको. बाया रोज माझ्या टेबलावर रिकामे गुंड आदळायच्या. "वीस वर्सं पेलो, मेलो का आमी?" असं विचारायच्या.

अशात निवडणूक आली. डॉक्टरांच्याच पक्षाचे लोक दवाखान्यात जमले. मी सह्या घ्यायला गेले होते, तेव्हा ऐकलं. एक जण म्हणाला, "साहेब, एक महिना हँडल लावून द्या. निवडून या, मग काढजा."

"अन् त्या महिन्यात एखाद्या लेकराचा दात आतमध्ये बनून राह्यला असन तर?" डॉक्टर म्हणाले. "दात एकदाच बनते, भाऊ. निवडणूक पाच वर्सानं येते."

ते पडले. तलावामागच्या वॉर्डानंच पाडलं. निकालाच्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्या बायांचा रागही आला, आणि रिकामे गुंड आठवून तो टिकलाही नाही.

दुसऱ्या सोमवारी डॉक्टर माझ्या टेबलासमोर हजर. तोंडाला जिलबीचा वास.

"बाई, पाईपलाइनची फाइल कुठी आहे?"

"साहेब, तुम्ही आता अध्यक्ष नाही."

"म्हणूनच तर आलो. आता मी तक्रारदार."

मी पेन खाली ठेवलं. "मग आधी आ करा."

ते इतके हसले की आतल्या खोलीतून मुख्याधिकारी बाहेर आले. त्यानंतर दर सोमवारी ते येत राहिले, तब्बल तीन वर्षं. फाइल नागपूरला गेली की नागपूरला जायचे, परत आली की परत यायचे. शेवटी अधिकारीच म्हणू लागले की यांना पाईपलाइन द्या, म्हणजे आपला सोमवार सुटेल.

पहिल्यांदा नळ आला त्या दिवशी ते रांगेत उभे होते. मासोळ्या विकणाऱ्या त्या बाईनं पेलाभर पाणी भरून आधी त्यांना दिलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"चव काईच नाई," ते म्हणाले.

"तेच म्हणतो न आमी," बाई म्हणाली. "डाळ शिजन का याच्यात?"

"शिजन. जरा उशिरा शिजन." आणि दोघंही हसत सुटले.

या हिवाळ्यात डॉक्टर गेले. सकाळचा चहा हातात होता, कप सांडला, एवढंच. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. पण त्या दिवशी शेजाऱ्यांना संधीच मिळाली नाही. तलावामागच्या बाया डोक्यावर भाताचे आणि डाळीचे गंज घेऊन दारात उभ्या. ज्यांनी पाडलं होतं त्याच. पहिलं जेवण कोणाच्या घरचं, यावरून त्यांची फाटकापाशी आपसात हुज्जतही झाली.

डॉक्टरांच्या पत्नीला, वहिनींना, मी ताटासमोर बसवलं, पण त्या घास घेईनात. बायांबरोबर लेकरं आली होती, आठ-नऊ वर्षांची, पाईपलाइन आल्यानंतर जन्मलेली. त्यांना घरातल्या दुःखाशी काय देणंघेणं. अंगणात बोरांच्या बिया एकमेकांना मारत ती खिदळत होती. मला संकोच वाटला. मी त्यांना दटावायला उठले, तर वहिनींनी माझा हात धरला.

त्या दारातून बराच वेळ त्या पोरांकडे पाहत राहिल्या.

"राहू द्या, बाई. मी पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "एकाचाही तपकिरी नाई."

मग त्यांनी ताट जवळ ओढलं आणि भात कालवायला घेतला.