चिट्टीची बोली

हैदराबादेत येऊन चार वर्षं झाली, तरी चिट्टी म्हणजे आपली भिशीच, असं मी धरून चालले होते. दर महिन्याला वीस जणींनी दहा-दहा हजार काढायचे आणि जमलेले दोन लाख एकीने उचलायचे. पुण्यात आमच्या भिशीत नावाच्या चिठ्ठ्या निघायच्या. कुणाकडे लग्न किंवा आजारपण असलं, की ती आधी घरोघर जाऊन सांगायची, "या खेपेची मला द्या." मग त्या महिन्यात चिठ्ठ्या काढायच्याच नाहीत.

इथे बोली लागते. दोन लाखांतले जी जास्त सोडायला तयार, तिला चिट्टी मिळते आणि तिने सोडलेले पैसे, चालवणाऱ्या अक्काचं कमिशन जाऊन, सगळ्यांच्या हप्त्यात वळते होतात. हे मला ठाऊक होतं. पण तोवर निकड कधी पडली नव्हती, त्यामुळे ती बोली म्हणजे मला रविवार दुपारची करमणूक वाटायची, सोबत चहा आणि मिरची भजी.

त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. दागिने आधीच बँकेत गहाण होते. त्यातच लेकीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. सोमवारी एक लाख सत्तर हजार भरायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. नवरा म्हणाला, "दादाला विचारू?" मी उसळलेच. मागच्या वेळचे टोमणे अजून पचले नव्हते. म्हटलं, "चिट्टी आहे ना आपली!"

आणि शनिवारी मी आमच्या मलकपेठेत घरोघर फिरले. सगळ्यांना सांगितलं, या वेळी मला द्या, लेकीची फी आहे. सगळ्या मान डोलवत होत्या. शेवटी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, आणि पोटभर मराठी बोलावं असं हेच एक घर. त्यांच्यापुढे मी रडले. आकडाही सांगून टाकला.

"हौ गं, परेशान होऊ नको," त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "पोरीच्या शिक्षणाला कोण आडवं येतंय?"

रविवारी अक्काच्या हॉलमध्ये बसलो. मी "वीस हजार सोडते" म्हटलं. कुणी बोलेना. माझा जीव भांड्यात पडला.

"पंचवीस," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पंख्याकडे पाहत होत्या.

"सव्वीस."

"तीस."

तीस हजारांच्या पुढे गेलं की फी भागणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. आणि तरी मी चिट्टी सोडणार नाही, हेही माझ्या रडण्यातून त्यांना कळलं असणार. त्यांना ती नकोच होती. मला वर चढवायचं होतं, म्हणजे सगळ्यांचा हप्ता कमी होईल. बाकीच्या भजी खात आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. मी अडतीस म्हटलं, तेव्हा काकू हसल्या. "जाऊ दे, पोरीचं काम आहे."

त्यांच्या अंगावर चहा फेकावा, इतका मला राग आला. मी कप खाली ठेवला आणि अक्काकडून पैसे घेतले. आठ हजार कमी होते. नवरा कोठीच्या बाजारात जाऊन स्वतःचा मोबाइल विकून आला.

सोमवारी फी भरून आम्ही घरी आलो, तर संध्याकाळी काकू दारात. हातात पाचशे एक रुपयांचं पाकीट. "पोरगी कॉलेजला चालली, रिकाम्या हाताने कशी येऊ?" लेकीला सगळं ठाऊक होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, जागची हलेना.

"पाया पड," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाकली. काकूंनी तोंड भरून आशीर्वाद दिला. "काही लागलं तर सांगत जा गं, परकं समजू नको," असं मला म्हणाल्या आणि गेल्या.

दार लागल्यावर लेक फणकारली, "मला कशाला पाया पडायला लावलंस?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षाचीही फी आहे."