भटजींच्या आमटीतला स्क्रू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड काढणं. मी आत वाकडा होऊन स्क्रू काढत होतो आणि ही दारात खुर्ची टाकून ते वाट्यांत ठेवत होती. डावीकडचे एका वाटीत, मधले दुसरीत, अशा अकरा वाट्या झाल्या. मी म्हटलं, एवढं कशाला, स्क्रू म्हणजे स्क्रू. ती म्हणाली, मागे तुम्ही पंखा खोलला होता, तो अजून माळ्यावर आहे.

काम हीटरचं होतं. इंजिनाचं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरतं, तिच्यावरून वारा आत येतो, एवढंच ते यंत्र. पण बसवलंय डॅशबोर्डच्या पोटात. थंडीत ती जाळी फुटली आणि भर रावपुऱ्यात ही म्हणाली, "अहो, तुमची गाडी मुतली माझ्या पायावर." मिस्त्रीने सांगितलं, काका, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाका, बडोद्यात हीटर कोणाला जोईए. पण हिचे गुडघे. थंडीत सकाळी वासण्याला मुलीकडे जायचं तर हीटर हवाच. मला घाम फुटायचा, तिला बरं वाटायचं.

नवी जाळी मिळेपर्यंत होळी गेली. मी म्हटलं, आता दिवाळीनंतर बघू. ती म्हणाली, तेव्हा तुम्ही पुढची दिवाळी सांगाल. म्हणून बसलो खोलायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

मग तेरा दिवस घरात माणसं. डॅशबोर्ड पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेला. भेटायला येणारे आधी त्याच्याकडे बघत, मग माझ्याकडे. एक म्हातारे तर त्याच्यावर हात ठेवून रडले.

तेराव्याला वाट्या कमी पडल्या. मेव्हणीला माझ्या अकरा दिसल्या. तिने सगळे स्क्रू एका तपेलीत ओतले, वाट्या घाईघाईत विसळल्या आणि आमटी वाढली. जेवता जेवता भटजी थांबले. तोंडातून एक स्क्रू काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि शांतपणे विचारलं, "यजमान, हा तुमचा का?"

मी चष्मा लावून पाहिला. मधल्या वाटीतला होता. पंगत हसली, मीही हसलो, आणि हसत हसत हिला सांगायला स्वयंपाकघराकडे वळलो.

संध्याकाळी मेव्हणा निघताना गाडीपाशी थांबला. म्हणाला, "दाजी, पाइप जोडून मोकळे व्हा. आता हीटर लागणार कोणाला?"

मी म्हटलं, "तुझ्या बहिणीने बसवायला सांगितलाय. ती नको म्हणाली की काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी जाळी बसवली, क्लँप आवळले, पाणी भरलं. डॅशबोर्ड न लावताच वायर जोडून गाडी चालू केली. गळतंय का ते पाहायचं तर डावीकडे, हिच्या जागेवरच बसावं लागतं. बसलो. चपला काढल्या, काचा वर घेतल्या, हीटर पूर्ण सोडला. पायांना चटके बसायला लागले. शेजारच्या बेनने काच ठोकून विचारलं, काका, एवढ्या गरमीमां बंध गाडीमां शुं करो छो. काच खाली करून सांगितलं, तपासतोय. काच परत वर घेतली. पायाखालचं कोरडं होतं. तरी आणखी थोडा वेळ बसलो.