कोपरा बसला

ट्रॅक्टरच्या त्या मडगार्डचा डावा कोपरा आठवला की आजही माझं डोकं भणभणतं. चूक पत्र्याची होती, कॉम्प्युटरची होती की आमच्या बोलण्याची, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

मी साताऱ्यात एका कंपनीच्या डिझाइन विभागात नोकरी करते. माहेर फलटणचं, सासर सांगलीचं, नवरा फौजेत. त्यामुळे आठवडाभर साताऱ्यातली खोली आणि शनिवारी सांगलीची एसटी, असा माझा संसार. सांगलीत माझ्या सासऱ्यांचं डाय बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. डाय म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार द्यायचा पोलादी साचा. माझं कामही त्याच जातीचं, फक्त हात काळे होत नाहीत. साचा कापायच्या आधी मी कॉम्प्युटरवर पत्रा दाबून बघते, त्यालाच सिम्युलेशन म्हणतात. कुठं फाटेल, कुठं चुण्या पडतील आणि प्रेस उघडल्यावर किती माघारी फिरेल. पत्रा माघारी फिरतोच. वाकवला तसा गुमान राहील तर तो पत्रा कसला! म्हणून साच्यातच थोडा जास्तीचा वाक द्यावा लागतो. तो किती द्यायचा, हे सांगण्याचा मी पगार घेते.

मामंजींची पद्धत वेगळी. पत्रा दाबायचा, बघायचा, साचा ग्राइंडरनं घासायचा, पुन्हा दाबायचा. मी चिडवायची, "आवं मामंजी, किती घासताय? साचा झिजून वाटी व्हायची." ते म्हणायचे, "तुझ्या त्या रंगीत चित्रानं कवा पत्रा वाकलाय का गं?" असं बरेच दिवस चाललं. शेवटी मडगार्डची डाय माझ्या कॉम्प्युटरवरून करायला ते एकदाचे कबूल झाले. तेही अट घालून.

"तू सांगितल्याबिगर ग्राइंडर लावणार न्हाई. पर ही चुकली, तर पुन्यांदा त्या खोक्याचं नाव माझ्या शेडमदी काढायचं न्हाई."

आणि मग स्वतःच सगळ्या गल्लीला सांगत सुटले. चहावाला, वेल्डिंगवाला, समोरचा टायरवाला, कुणाला सोडलं नाही. "औंदाची डाय सुनंनं कॉम्प्युटरवर काढलीया!" मला लाज वाटायची, पण मनातून उकळ्याही फुटायच्या. माझ्या चित्रात सगळा पत्रा हिरवागार होता. डावा कोपरा तेवढा जरा निळा होता, म्हणजे आत दबत होता. तिथं मी जास्तीचा वाक दिला, तसा तोही हिरवा झाला. हिरवं म्हणजे ठीक. एवढ्यावर मी निश्चिंत!

ट्रायलच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी कॅंटीनमध्ये होते, ताटांचा नुसता खडखडाट.

"झाली ट्रायल. चुणी एक न्हाई. डावा कोपरा बसला बघ."

"बसला?"

"बसला की. चांगलाच बसला."

मी जागेवर उडालेच. "मग द्या की हार्डनिंगला!"

"दिऊ म्हनतीस?"

"आवं, आता कशाची वाट बघताय?"

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

हार्डनिंग म्हणजे साचा भट्टीत तापवून कडक करायचा. त्यानंतर त्याला कानस लागत नाही. मी त्या दिवशी सगळ्या टेबलाला पेढे वाटले.

शनिवारी शेडमध्ये गेले. मडगार्ड गेजवर ठेवलेलं होतं, म्हणजे माप तपासायच्या चौकटीवर. डाव्या कोपऱ्यात चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये माझं बोट आरामात शिरलं.

"मामंजी, हे काय?"

"बसलाय की. फोनवर सांगितलं न्हवं का?"

अरे देवा! आमच्या ऑफिसात पार्ट बसला म्हणजे गेजवर चपखल बसला. मामंजींचा कोपरा मात्र पावसात भिंत बसते तसा बसला होता.

"मग हार्डनिंगला का दिलीत?"

"तू म्हनलीस, द्या. मला वाटलं, तुझ्या खोक्याला ठावं असंल. फुडं कुठंतरी उचलून घेत असंल."

मला संताप आला, पण कुणावर काढायचा? डॉक्टरशीसुद्धा हुज्जत घालणाऱ्या माणसानं जन्मात एकदा कुणाचं ऐकलं, ते नेमकं माझं! लॅपटॉप उघडला. कोपरा अजून हिरवाच. पत्रा दुसऱ्या जातीचा आला होता का? तेल कमी लागलं होतं का? मामंजी म्हणाले, सगळं तू सांगितलंस तसंच. मग हिरवं कशाला दिसतंय मेलं? फोनवरचं कोडं उलगडलं, तरी कोपऱ्याचं काही उलगडेना.

त्याच दुपारी गिऱ्हाईक कंपनीचा इंजिनिअर बघायला आला. त्यानं कोपऱ्यात बोट घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आता साचा परत नरम करा, वेल्डिंगनं भरा आणि पुन्हा कापा. सिम्युलेशन केलं होतं का नाही?"

लॅपटॉप माझ्या हातात उघडाच होता.

"न्हाई सायेब," मामंजी म्हणाले. "कॉम्प्युटर-बिम्प्युटर काय न्हाई. माझ्या अंदाजानं केली."

मी तोंड उघडलं, तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सायबास्नी चहा सांग जा." मी हलले नाही. मला वाचवत होते, की माझं खोकं शेडबाहेर काढत होते? मला काही कळेना.

"तरीच!" इंजिनिअर म्हणाला. "अहो, आता अंदाजाचे दिवस राहिले का? एवढा अनुभव असून असं काम?" मामंजी खाली मान घालून सगळं ऐकत होते. पोराच्या वयाच्या माणसाकडून. "पुढच्या वेळी सिम्युलेशन केल्याशिवाय डाय कापायची नाही."

"व्हय सायेब."

इंजिनिअरची गाडी वळेपर्यंत मामंजी दारात उभे होते. मग आत आले, त्यांनी टेबलावरचे पाने-हातोडे सरकवून लॅपटॉपपुरती जागा केली आणि मला म्हणाले, "ऐकलंस न्हवं? आता सायबाचाच हुकूम हाय. मांड हितं तुझं खोकं."

मी तिथंच, प्रेसच्या शेजारी, हमसून हमसून रडले. "आता आनि काय झालं गं?" म्हणत ते नुसते गोंधळून माझ्याकडं बघत राहिले.